कॉम्प्युटरचा दसरा

अनया आणि मिहिर,

गेल्या रविवारी फोनवर बोलताना अनयाने विचारलं, "आजी, तुझ्या मागे तो जुना कॉम्प्युटर कायम दिसतो. चालू होत नाही, तर टाकून का देत नाहीस?" मी म्हणाले, "नंतर सांगेन." नेवाशाच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. प्रश्नाला 'नंतर' असं उत्तर देणाऱ्या मुलाला मी कधी खाली बसू दिलं नाही. तेव्हा आता मलाही बसता येत नाही. तुमचं मराठी वाचन हळू चालतं, ते हळूच चालू द्या. अडेल तिथे बाबांना विचारा. त्यांनाही यातलं सगळं माहीत नाही.

आजच लिहायला घेतलं, कारण बाहेर अंगणात हौसाबाई गोधड्या आपटते आहे. घटस्थापना चार दिवसांवर आली. आमच्याकडे या दिवसांत 'दसरा काढतात'. म्हणजे घरातलं जे जे धुता येतं ते सगळं धुवायचं. गोधड्या, चादरी, पडदे, वर्षभर माळ्यावर झोपलेली पितळेची भांडी, डबे, डब्यांची झाकणं, झाकणांच्या आतले कागदसुद्धा बदलायचे. पावसाळ्याचा ओलावा घरात उरू द्यायचा नाही. सकाळी प्रवरेच्या घाटावर टेम्पो भरभरून वाकळा येतात आणि दुपारपर्यंत काठाचे सगळे दगड रंगीबेरंगी होतात. ऊन या दिवसांत कडक असतं, पण त्याला धार नसते. बाजरीची कणसं खुडून झालेली असतात, शेतात नुसती ताटं उभी राहतात, आणि रस्त्याने झेंडूची पोती लादलेल्या गाड्या जाऊ लागतात. गाडी दिसण्याआधी वास येतो. थोडा गोड, थोडा कडवट.

हा वास आला की माझे हात आपोआप फडकं शोधतात. आणि फडकं हातात आलं की मी थांबते. गेली काही वर्षं असंच होतं आहे.

*

तुमच्या आजोबांनी कॉम्प्युटर घेतला तो निवृत्तीनंतर. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कुणाच्या शेताला किती तास पाणी, कुणाची पाळी कधी, कुणी रात्रीतून कालव्याचं दार फोडलं, यात त्यांचं आयुष्य गेलं. आयुष्यभर ते साहेब लोकांच्या केबिनबाहेर बाकावर बसले होते, म्हणून घरात आलेल्या या पाहुण्याला त्यांनी नावच 'साहेब' ठेवलं. सकाळी बटण दाबायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "साहेब उठले गं!" उठताना तो एकदाच, बारीक 'बीप' करायचा. हजेरीला पहिल्या बाकावरची मुलगी 'यस मॅडम' म्हणते तसा. मग पंखा घरघरायचा. उन्हाळ्यात साहेबांना उकडतं म्हणून आजोबांनी त्याच्या डब्याची एक बाजू उघडीच ठेवली होती आणि समोर टेबलफॅन लावला होता. खंडेनवमीला पाणी मोजायची त्यांची जुनी पट्टी, माझं लाल पेन आणि साहेब अशी तिघांची पूजा व्हायची. साहेबांच्या डोक्यावर झेंडूचं एक फूल.

मला तो उघडा डबा बघवायचा नाही. आत तारांचा गुंता आणि त्यावर धुळीची करडी साय. "अहो, निदान झाकण तरी लावा," मी म्हणायची. ते म्हणायचे, "तू तुझी कपाटं आवर. साहेबांच्या टेबलाला हात लावायचा नसतो."

मिहिर, तू पाच वर्षांचा होतास. एका व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुला आणि अनयाला विचारलं, दीड पोळीप्रमाणे चार जणांना किती पोळ्या लागतील? तू बोटं मोजायला लागलास, अनया कॅल्क्युलेटर आणायला पळाली. आजोबा हसले नाहीत. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "चार दीड सहा. एवढं तोंडात असायला काय जातं गं पोरांच्या?"

त्यांच्या लहानपणी शाळेत अपूर्णांकांचे पाढे असत. पावाची पावकी, अर्ध्याची निमकी, मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी साडेतीनची औटकी. मला यातला एकही नीट येत नाही. आमची शाळा मिशनची, आम्ही इंग्रजी कविता पाठ केल्या. आजोबांना मात्र सातही पाढे तीसपर्यंत येत, कारण कालव्यावर गुंठे आणि तास यांचा हिशोब त्यांनी कायम तोंडीच केला. ते पाढे ते म्हणत नसत, गात असत. प्रत्येकाची चाल वेगळी. निमकी उड्या मारत जायची, पाऊणकी जरा लंगडत.

तुमच्या बाबांनी पाठवलेला माइकवाला हेडफोन त्यांनी डोक्यावर चढवला आणि रोज दुपारी, वीज असेल तेव्हा, ते तुमच्यासाठी एकेक पाढा कॉम्प्युटरमध्ये भरू लागले. मी बाहेर कुकरच्या शिट्ट्या मोजत असायची. आतून आवाज यायचा, "बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन." चुकलं की घसा खाकरून परत पहिल्यापासून.

पावकी झाली तेव्हा ते म्हणाले होते, "पाठवून टाकू का पोरांना?"

मी म्हणाले, "एक-एक कशाला? अर्धवट पाठवू नका. सातही पाढे होऊ द्या, नीट नावं देऊन एकत्र पाठवू."

हे वाक्य माझं आहे. यातला प्रत्येक शब्द मला आठवतो.

आषाढात एक दिवस जेवताना म्हणाले, "औटकी पंधरापर्यंत आली." त्याच आठवड्यात ताप आला, मग दवाखाना, मग नगरचं मोठं हॉस्पिटल. श्रावण लागायच्या आत ते गेले. तुम्ही दोघं आला होतात, तुम्हाला थोडंफार आठवत असेल. घर माणसांनी भरलेलं होतं आणि साहेबांच्या टेबलावर कुणीतरी चहाच्या कपांचा ट्रे ठेवला होता.

*

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. मी हौसाबाईला म्हणाले, "यंदा दसरा काढायचा नाही."

हौसाबाई माझ्याकडे कामाला लागली तेव्हा तिचे केस काळे होते. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सन न्हाई म्हनून घान ठिवायची व्हय? मालकांना घान चालत हुती का?"

मग काढला. तीन दिवस ती धूत होती आणि मी पुसत होते. मला त्या दिवसांत पुसण्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. फळ्या, खिडक्यांचे गज, चष्म्याची घरं, त्यांच्या चपला. तिसऱ्या दिवशी पुसायचं काही उरलं नाही आणि मी साहेबांसमोर येऊन उभी राहिले.

मी निष्काळजी बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी सगळ्या वायरी काढल्या. प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवली, एक, दोन, तीन. कुठली कुठे होती त्याचं वहीत चित्र काढलं. मग फडकं भिजवलं, घट्ट पिळलं, आणि आतली ती करडी साय पुसायला घेतली. जिथे फडकं पोचेना तिथे जुना टूथब्रश.

हौसाबाई दारात येऊन थबकली. "बाई, ह्याचा बी दसरा?"

"किती धूळ आहे बघ."

"आवो, रेडिओला पानी लागलं तरी मरतोय. ह्ये तर लई नाजूक दिसतंय."

"पाणी कुठे आहे? दमट फडकं आहे नुसतं."

"आता तुमी शिकलेल्या," ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

आत एका बाजूला एक हिरवी पट्टी उभी होती, सोनेरी दातांची. ब्रश लागून ती जरा हलली. मी ती परत दाबून बसवली. बसली असं मला वाटलं. सगळा डबा लख्ख झाला. मी चिठ्ठ्या बघून वायरी लावल्या, हात धुतले, आणि बटण दाबलं.

बीप.

नेहमीचा नाही. लांब. मग थांबला. पुन्हा लांब. थांबला. पुन्हा. पडदा काळा, आणि त्यावर सिग्नल नाही असं सांगणारी एक छोटी चौकट इकडून तिकडे तरंगत होती.

मी बंद केला. दहा मिनिटं घड्याळ लावून वाट पाहिली. परत लावला. तोच लांब आवाज. आमच्या मागच्या रानात टिटवी ओरडते तेव्हा हौसाबाई कानावर हात ठेवते. मी पहिल्यांदाच तसे ठेवले.

*

कपाटात त्याची माहितीपुस्तिका होती, मीच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली. इंग्रजी. मी पेन्सिल घेऊन बसले. त्यातला प्रत्येक शब्द मला कळत होता आणि एकही वाक्य कळत नव्हतं. मुलं माझ्या वर्गात धडा वाचून झाल्यावर तोंडाकडे बघत राहायची तेव्हा मी त्यांना रागवायची. त्या सगळ्या मुलांची मला एकेक करून आठवण आली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेत्याच्या जागी आता चपलांचं दुकान आहे.

तुमच्या बाबांना फोन लावला. तुमच्याकडे पहाट असावी, आवाज झोपेतला होता.

"आई, घाबरू नकोस. किती बीप आहेत? लांब की आखूड?"

"लांब. एकापाठोपाठ एक. संपतच नाहीत."

"मग बहुतेक रॅम असेल. ती पट्टी काढून खोडरबरने पूस आणि परत बसव."

"ती मला काढता येणार नाही, निखिल."

"सोपं असतं गं."

सोपं असतं. सात समुद्रांपलीकडून सगळं सोपंच दिसतं, त्यात त्याचा दोष नाही. मी त्याला फडक्याचं सांगितलं नाही. त्याने विचारलं, "आत काही महत्त्वाचं आहे का?" पाढे तुम्हाला अचानक पाठवायचे, असं आजोबांचं ठरलं होतं, त्यामुळे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "आहे." आणि काय आहे ते न सांगताच फोन ठेवला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, मंदा. बसस्टँडजवळ तिचं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबाऱ्याचे उतारे, आणि बिघडलेले कॉम्प्युटर. दहावीत तिला इंग्रजीत छत्तीस मार्क मिळाले होते. फोन केल्यावर अर्ध्या तासात स्कूटीवरून आली. बटण दाबलं, आवाज ऐकला आणि हसली.

"मॅडम, बोलतंय म्हनजे जिवंत हाय. मुकं असतं तर मी घाबरले असते. खोडरबर द्या."

माझ्या टेबलाच्या खणात खोडरबर नेहमी असतात. मी सगळ्यांत नवा दिला. तिने ती हिरवी पट्टी अलगद काढली आणि तिचे सोनेरी दात घासू लागली, लहान मूल चुकलेलं गणित खोडतं तसं, ओठ दाबून. मी वर्गात मुलांना खोडू देत नसे. चुकलं तर सरळ काट मारा म्हणायची, म्हणजे काय चुकलं ते दिसतं.

मी तिला विचारलं, "माझ्या फडक्याने झालं का गं हे?"

मंदाने पट्टीवर फुंकर मारली. पुन्हा मारली. गरजेपेक्षा जास्त वेळा. "जुनं झालं हुतं मॅडम ते," ती म्हणाली, जमिनीकडे बघत. वही घरी राहिली असं सांगताना ती अशीच जमिनीकडे बघायची.

पट्टी बसवली. लांब बीप. काढली, शेजारच्या खाचेत बसवली. बटण.

एकच बीप. बारीक.

मी खुर्चीचा हात धरला. पंखा घरघरला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, एक ओळ, दुसरी ओळ. आणि तिथेच थांबली. आतून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला, नखाने कुणी दार वाजवावं तसा. मंदाचा चेहरा बदलला. तिने झटकन स्विच बंद केला.

"ही आता डिस्क बोलाया लागली," ती म्हणाली. "आता नगं मॅडम चालू करायला. जेवढी फिरवू तेवढं आतलं जाईल."

तिने डिस्क काढली, माझ्याकडून धुतलेला सुती रुमाल मागून घेतला, त्यात गुंडाळली आणि स्कूटीच्या डिकीत ठेवली. मी फाटकाशी उभी होते.   नगरच्या रस्त्याने झेंडूची एक गाडी गेली आणि तिच्या मागे मंदा.

*

पुढचे नऊ दिवस मी काय केलं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. सण नसला तरी देवीचा घट मोडला नव्हता, त्याला पाणी घातलं. धान रोज थोडं वर येत होतं. साखर कारखान्याचा बॉयलर पेटणार म्हणून रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची डागडुजी चालली होती. मी दिवसातून दोनदा मंदाला फोन करायची आणि ती दोन्ही वेळा म्हणायची, "चालू हाय मॅडम."

आजारपणात मी निदान त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलत होते. इथे तेवढंही नव्हतं. ज्या हातांनी सगळं नीट ठेवलं त्याच हातांना आता काही काम नव्हतं, आणि मला माझ्या हातांकडे बघवत नव्हतं.

खंडेनवमीला मी त्यांची पाणी मोजायची पट्टी आणि माझं पेन पुजलं. रिकाम्या डब्यावर फूल ठेवलं. हौसाबाई म्हणाली, "बाई, तुमी लई जिवाला लावून घ्येता. हात फिरला म्हनून कुनी मरत न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "पर मी म्हनले हुते."

"म्हणाली होतीस," मी म्हणाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंदाने बोलावलं. दुकानात गर्दी होती. एक म्हातारे शेतकरी सातबाऱ्यासाठी बाकावर बसले होते, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. मंदाने मला तिची खुर्ची दिली. "मॅडम, पाच फायली निघाल्या. ऐका." आणि स्पीकर लावला.

झेरॉक्सच्या खडखडाटात तुमचे आजोबा बोलू लागले. "एक सव्वा सव्वा. बे सव्वा अडीच." मी खुर्चीत ताठ बसले. वर्गात तपासणीला साहेब यायचे तेव्हा बसायची तशी. मागून आणखी एक आवाज येऊ लागला, पुटपुटल्यासारखा. "तीन सव्वा पावनेचार. चार सव्वा पाच." बाकावरचे म्हातारे डोळे मिटून आजोबांच्या बरोबर म्हणत होते. चाल जवळजवळ तीच.

मग दिडकी लागली. मधेच कुकरची शिट्टी झाली, आमच्याच घरातली. "नऊ दीड साडेतेरा. दहा दीड पंधरा. अकरा दीड साडेसोळा." आणि लांबून माझा आवाज आला, चिडलेला, "अहो, चहा गार होतोय!"

"आलो," आजोबा म्हणाले.

तिथे फाईल संपली. मंदा म्हणाली, पुढचं निघत नाही. पण डिस्क तिथे संपली, की आजोबांनीच चहासाठी बटण दाबलं, हे तिला सांगता येईना. मलाही आजवर कळलेलं नाही.

म्हातारे मात्र थांबले नव्हते. "बारा दीड अठरा, तेरा दीड साडेएकोनीस," ते पुढे चालले होते. दुकानातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघू लागल्यावर त्यांनी डोळे उघडले. "लई दिसांनी ऐकलं," ते म्हणाले. "कोन गुर्जी ह्ये?"

"माझे मालक," मी म्हणाले. हा शब्द मी आयुष्यात कधी वापरला नव्हता. हौसाबाई वापरते. "तुम्हाला औटकी येते का हो?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "एक औट औट. बे औट सात. तीन औट..." टोपी काढून डोकं खाजवलं. "शिकिवली हुती आमच्या गुर्जींनी. न्हाई आता याद, माय. चाल गेली की समदं जातंय."

तीन औट साडेदहा. ते मी कागदावर करू शकते, कुणीही करू शकेल. आकडे कुठे हरवत नाहीत.

*

यानंतर मी जे केलं ते तुम्हाला सांगायला हवं. पेनड्राइव्ह घरी आणला, पिशवीत घातला, पिशवीवर नाव लिहिलं आणि कपाटात ठेवून दिला. डिस्क मंदाकरवी नगरला पाठवली, मग पुण्याला. दोन्हीकडून ती तशीच परत आली. बाबांना मी एवढंच सांगत राहिले की काम चालू आहे. अडीचकी आणि औटकी मिळाली की सगळं एकत्र पाठवू, असं मी स्वतःला दर दसऱ्याला सांगत आले. पहिल्यांदा हे वाक्य मी कुणाला म्हणाले होते ते माहीत असूनही.

अनया, म्हणून तो डबा टेबलावर आहे. आत काही नाही. डिस्क त्याच सुती रुमालात, खालच्या खणात आहे. फडक्याने बिघडलं की जुनं झालं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि आता कुणी सांगणार नाही.

मघाशी हौसाबाई विचारून गेली, "बाई, साह्यबांचं काय?" दरवर्षी मी तिला म्हणते, हात लावू नकोस. आज म्हणाले, कोरड्या फडक्याने वरून पूस. ती पुसते आहे. दुपारी मंदा येईल आणि पाचही फायली तुमच्याकडे पाठवून देईल. त्यांना मी नवी नावं दिलेली नाहीत. आजोबांनी ठेवलेलीच आहेत.

पावकी पूर्ण आहे. निमकी, पाऊणकी आणि सवायकीही तीसपर्यंत पूर्ण आहेत. दिडकी अकरापर्यंत आहे.